लिंपलेली फट

तळ्याकाठच्या एका जंगलात उंबराचे जुने झाड होते आणि त्याच्या ढोलीत एका धनेश पक्ष्याचे बिऱ्हाड होते. मुलांनो, धनेशाची रीत तुम्हाला ठाऊक आहे का? अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि नराच्या मदतीने दार चिखलाने लिंपून घेते. चोच जाईल एवढीच चीर उरते. आत तिची पिसे गळतात, मग तिला उडता येत नाही. नर बाहेरून फळे आणून भरवतो. या धनेशाचे पिल्लू नुकतेच अंड्याबाहेर आले होते आणि बापाला त्याच्याशिवाय दुसरे काही सुचत नव्हते.

एकच गोष्ट त्याला खुपत असे. ढोलीच्या वरच्या फटीत लहान वटवाघळे राहत. त्यांच्या लेंड्या खाली पडत आणि उग्र वास सुटे. कावळा येता-जाता विचारी, "काय धनेशराव, आज स्वयंपाक कसला केलाय? वास पार तळ्यापलीकडे आला." चिरेतून बायकोही म्हणे, "अहो, काहीतरी करा. पिल्लाला श्वास घेववत नाही."

एका संध्याकाळी वटवाघळे पोटापाण्यासाठी बाहेर पडली. धनेशाने वारुळाची माती आणली, तिच्यात उंबराचा चीक कालवला आणि फट लिंपायला घेतली. "रिकामं घर बंद करतोय, कुणाला धक्का लावत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. वासामुळे त्याने मान वळवूनच काम केले. आत एकदाही डोकावून पाहिले नाही.

पहाटे वटवाघळे परतली आणि लिंपणावर धडकू लागली. त्यांतली एक आई धनेशापाशी आली. "भाऊ, हे काढा. लेकरं आत आहेत."

"लेकरं? तुम्ही तर सगळी बाहेर गेलात."

"दूधपिती आहेत. त्यांना उडता कुठं येतंय? तिथंच टांगून जातो आम्ही."

धनेशाने लिंपणाकडे मान वळवली. तेवढ्यात चिरेतून बायको म्हणाली, "अहो, उभे काय राहिलात? काढा आधी."

तो चोच मारू लागला. पण लिंपणाच्या कामात त्याचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते. माती दगडासारखी धरली होती. ऊन वर आले. आकाशात शिक्रा घिरट्या घालू लागला, तशी वटवाघळे मिळेल त्या सांदीत दडली. दुपारी फट मोकळी झाली तेव्हा आतून आवाज आला नाही. संध्याकाळी आया एकेक करून आत जाऊन आल्या आणि डोंगराकडे निघून गेल्या.

त्यानंतर रोज दिवेलागणीला तळ्यावरून डासांचा ढग उठू लागला. आजवर तो झाडापर्यंत पोहोचतच नसे, वटवाघळे त्याला वाटेतच संपवत. हे धनेशाला तेव्हा कळले. डास चिरेतून आत शिरले. पिसे झडलेल्या आईला आणि उघड्या पिल्लाला पळायला जागाच नव्हती. धनेशाने चिरेपाशी पंखांनी वारा घातला, कडुलिंबाचा पाला खोचला. पण तो फळांसाठी हलला की डास पुन्हा हजर. पिल्लाच्या पापण्यांवर गाठी आल्या, मग डोळेच उघडेनात.

धनेश डोंगरातल्या वटवाघळांच्या कपारीपाशी गेला. "चुकलो. हवी ती शिक्षा द्या, पण परत चला. माझं पिल्लू हातचं जातंय."

एक म्हातारे वटवाघूळ म्हणाले, "शिक्षा देऊन काय मिळणार? आमच्यात आईला वर्षाला एकच लेकरू होतं. यंदाची तिथंच राहिली. त्या झाडावर चला, असं या बायांना मी कोणत्या तोंडानं सांगू?"

"निदान संध्याकाळी तळ्यावर तरी येत जा."

"डास आम्ही तुमच्यासाठी खात नव्हतो, बाबा. घराजवळ मिळायचे म्हणून खात होतो. आता घर इथं आहे."

परतताना धनेशाने नेहमीसारखी चोच भरून जांभळे आणली आणि चिरेत धरली. बायकोने एक घेतले, बाकीची तशीच ठेवली. "उद्यापासून एकाचंच आणा," ती आतून म्हणाली. नवी पिसे येईपर्यंत तिला त्याच ढोलीत, त्याच डासांत बसायचे होते.

तात्पर्य : ज्याच्या वासाने आपण तोंड फिरवतो, त्या शेजाऱ्याला घालवण्याआधी एकदा त्याच्या घरात नीट पाहावे. पुढे चूक कळते, पण गेलेले परत येत नाही.