फिट आहेस का?

"पायलट व्हायला काय काय करावं लागतं, ते सांगा. आणि भरभर सांगा."

कॅप्टन बिवलकर फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये छोट्या विमानाचा पंखा फडक्याने पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"शिक्षण किती?"

"नववी नापास."

"मग आधी दहावी. मग बारावी, फिजिक्स आणि गणित घेऊन. डॉक्टरांची तपासणी. मग पेपर... हवामान, नकाशे, नियम. मग उडायचं, आधी माझ्याबरोबर, नंतर एकट्याने. लायसन मिळालं की मोठ्या विमानाचं शिक्षण वेगळं. त्यानंतर कंपनी घेईल, नाहीतर नाही घेणार."

"एवढी वर्षं नाहीत माझ्याकडे."

"का? कुठे जायचंय?"

"भावाचं राहिलंय ते पुरं करायचंय. सुदर्शन खोमणे. तुमचाच विद्यार्थी. की विसरलात?"

फडकं थांबलं.

"तू नवनाथ. वेल्डिंग करतोस."

"तो सांगायचा?"

"रोज."

मला ते ऐकायचं नव्हतं.

"दहावी-बारावी मग बघू. आज मला वर न्या. तो आदळला त्या डोंगरापर्यंत. बघतो तरी, काय आहे तिथे."

कॅप्टन विमानाच्या डाव्या दाराला पाठ लावून उभे राहिले. डावी जागा चालवणाऱ्याची. दादा तिथेच बसायचा.

"वर जाण्याआधी इथे प्रत्येकाला मी एकच विचारतो. आज फिट आहेस?"

"एकदम फिट."

"घरी जा."

"का? फिट आहे म्हणालो ना!"

"तोही हेच म्हणाला होता."

माझं डोकं सणकलं.

"ताप होता त्याला! आदल्या रात्री आईला फोनवर म्हणाला, अंग नुसतं फणफणतंय..."



"मला नाही सांगितलं त्याने."

"कसं सांगेल? फिट नाही म्हटलं की नंबर सगळ्यांच्या शेवटी. पुन्हा पाळी कधी येईल ते देव जाणे. त्याच्या दहाव्याला आलेली इथली पोरं सांगत होती. ताप लपवतात, जुलाब लपवतात, एकाने तर हाताची सूज लपवली होती. हा कसला नियम? कुठल्या शहाण्याने केला?"

"मी."

 

मी त्यांची कॉलर धरली. पाठ दारावर आपटली, टोपी खाली पडली. त्यांनी हातसुद्धा वर केला नाही.

"ढगात एकटं पाठवलंत त्याला!"

"पाठवलं."

"तोंडाकडे तरी बघायचं होतं त्याच्या! डोळे लाल होतात त्याचे तापात. लहानपणापासून होतात. आमच्या शेजारणीलासुद्धा कळायचं!"

"बघायला हवं होतं."

"हो ला हो काय करता? काहीतरी बोला!"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"तुमचं काय गेलं? उद्या दुसरं पोरगं येईल. मी काय करू? आई त्याचे शर्ट धुते अजून... मारू का तुम्हाला?"

"मार. पण आधी उत्तर दे. आज फिट आहेस?"

ओरडून हो म्हणणार होतो. तोंड उघडलंही.

त्यांच्या गळ्यापाशी माझ्या दोन्ही मुठी थरथरत होत्या. मी दाबून धरायला गेलो, तर जास्तच. कॅप्टन मुठींकडे बघत होते. मीही बघत होतो. दादा गेल्यापासून मला झोप नव्हती. जेवण पोटात ठरत नव्हतं. इथे येताना मोटारसायकल दोनदा घसरली होती, तरी मी वेग कमी केला नव्हता.

"नाही..."

"ऐकू आलं नाही."

"नाही! नाही फिट मी! झोप नाही मला. वर नेलंत, तर तुम्हाला घेऊनच त्या डोंगरावर आदळेन!"

माझा आवाज हँगरभर फिरून आला. कोपऱ्यातली कबुतरं उडाली.

कॅप्टननी माझे हात सोडवले नाहीत. हात आपोआप सुटेपर्यंत थांबले.

मग बाजूला झाले, आणि डावं दार उघडून धरलं.

"चढ. इंजिन आज बंदच राहील."