ढकलायला माणसं

हौसाकाकीनं सभापतीचा अपमान केला म्हणं! कसला अपमान? काकी माझ्याच वडाप जिपात, मी शिटा भरून चालवतो त्या गाडीत, बसली हुती. जो हे उठवतोय त्याला आणा माझ्यापुढं!

डिझेलची टंचाई झाल्यापासनं आमच्या पंपावर एक रीत पडलीया. रांगेत इंजन कुणी चालू करत न्हाई. गाडी बंद ठिवायची आन् समद्यांनी मिळून ढकलायची. काकीला रक्त धुवायला, त्या डायलिसिसला, तालुक्याला न्यायचं हुतं. दोन दिस उशीर झालेला, पाय सुजून खांब झालेले. पंपात थोडंच डिझेल उरलेलं आन् पुढचा नंबर आमचा. तेवढ्यात सभापतीची मोठी गाडी रांग सोडून कडेनं घुसली.

"जीप मागं घे रं! मी जनतेच्या कामाला निघालोय."

मी पाना घिऊन उतरलो. काकीनं माझा हात धरला आन् बाहेर डोकं काढून म्हणाली, "सायेब, तुमीच जावा पुढं. फकस्त इंजन बंद करा आन् जनतेला हाक मारा. काम तिचंच हाय, तीच ढकलंल."

चाळीस माणसांदेखत त्यानं गाडी बंद केली. हाक मारली. कुणी जागचं हाललं न्हाई. त्यो आन् त्याचा डायवर ढकलून घामाघूम झाले, गाडी वीतभर सरकली.

आमची जीप अकरा जणांनी न बोलावता नळीपाशी नेली.

परवा काकीला परत न्यायचंय. तू नुसती मान हलवू नगंस. सकाळी सहाला पंपावर ये आन् ढकल.