अकरावा आवाज

"पण नावं का नाहीत?"

केतकी सायकलवरून उतरलीही नव्हती. एक पाय पेडलवर, एक रस्त्यावर, तशीच तिने विचारलं.

समोर बोरदऱ्याच्या चावडीच्या भिंतीत बसवलेला संगमरवरी दगड होता. पहिल्या महायुद्धाचा. या गावातून त्रेसष्ट माणसे गेली, त्यांपैकी नऊ परत आली नाहीत. दगडावर एवढंच कोरलेलं.

सुभेदार रंगराव मोहिते, म्हणजे सगळ्यांचे तात्या, ओल्या रुमालाने दगड पुसत होते. नऊच्या आकड्यात बसलेली धूळ त्यांनी नखाने काढली.



"माणसं मेली, तात्या. आणि त्यांचा नुसता आकडा करून ठेवला. आपण तो दर वर्षी पुसायला येतो."

"गिनती," तात्या म्हणाले.

फौजेतून निवृत्त झाल्यापासून डिसेंबरातल्या एका रविवारी ते सायकलवाल्यांना घेऊन निघत. नऊ गावं, असेच नऊ दगड, नव्वद किलोमीटर. दगडाशी पोचलं की सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. तात्या दगडाकडे तोंड आणि रांगेकडे पाठ करून उभे राहत. प्रत्येकाने आपला नंबर बोलायचा. तात्या वळून बघत नसत, फक्त ऐकत.

आणखी एक नियम होता. वाटेत अडकून मागे राहिलेल्याने एकट्याने पुढे यायचं नाही. आधीच्या दगडापाशी जाऊन बसायचं. पुढच्या गिनतीत एक कमी भरला की त्याला आणायला माणूस जाणार.

पहिला नंबर केतकीचा. अकरावा सहदेवअण्णांचा. अण्णा चौसष्ट वर्षांचे, निवृत्त पोस्टमन. साखरेचा आजार, एका कानाने कमी ऐकू येणारे, आणि प्रत्येक चढावर उतरून चालणारे.

या वर्षी नवव्या दगडापाशी तात्या गळ्यातली शिट्टी कुणाच्या तरी हाती देणार होते. पुढच्या वर्षीपासून फेरी त्याने न्यायची. ती शिट्टी आपली, हे केतकीने धरूनच ठेवलं होतं. मागच्या वर्षी सातव्या दगडालाच अंधार पडला होता. या वर्षी उजेडात नऊही करून दाखवते, असं ती निघतानाच सगळ्यांसमोर बोलून बसली होती. म्हणून तर पुढे राहायचं काम तात्यांनी तिलाच दिलं.

"दगड कुठे पळून जात नाहीत, तात्या," ती चौथ्या गावात म्हणाली. "दिवस पळतोय."

तिथेच तिने अण्णांची पिशवी काढून आपल्या कॅरियरला बांधली. ओझं कमी झालं तर जरा भरभर येतील. अण्णा हसून म्हणाले, पोरी, आयुष्यभर दुसऱ्यांचं टपाल मी वाहिलं, आज तू माझं वाहा.

पाचवा दगड झाला. ऊन कलायला लागलं.

सहाव्या दगडापाशी दहाजण पोचले होते. केतकीने घड्याळ बघितलं, रस्त्याकडे बघितलं. अण्णा शेवटच्या वळणावर असतील. तिने रांग लावली. तात्या दगडाकडे वळले.

एक. दोन. तीन… दहा.



"अकरा," केतकी म्हणाली. आवाज जाड करून.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांची पाठ हलली नाही. दोन मिनिटांत सगळे पुन्हा रस्त्यावर होते.

सातवा दगड एका शाळेच्या आवारात होता. तिथे पोचल्यावर दहा मिनिटं थांबले. पंधरा झाली. उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक धडधडत गेल्या. सायकल एकही आली नाही.

तात्या दगडाकडे तोंड करून उभे राहिले.

"गिनती."

एक. दोन… नऊ. दहा.

…

केतकीने तोंड उघडलं. तात्यांनी न वळता हात वर केला. पंजा उघडा.



"मागच्या दगडाला अकरा कोण म्हणालं?"



"मी," केतकी म्हणाली. "मला वाटलं, मागेच आहेत."

तिने फोन काढला. अण्णांचा नंबर लावला. रिंग तिच्याच कॅरियरवर वाजली. पिशवीत फोन होता. बिस्किटांचा पुडा होता. चार वाजताची गोळी होती. साडेचार वाजून गेले होते.

दुधाचा एक टेम्पो सहाव्या दगडाच्या दिशेने निघाला होता. तिने तो थांबवला. चढताना तात्यांकडे बघितलं. ते अजून दगडाकडेच तोंड करून उभे होते.

समोरून येणारी ट्रॉली दिसली की तिची नजर आधी रस्त्याकडेच्या चरात जाई. एके ठिकाणी काहीतरी निळं दिसलं. अण्णांचा शर्ट निळा होता. ते खताचं रिकामं पोतं निघालं.

सहाव्या दगडापाशी कुणी नव्हतं.

ड्रायव्हरने विचारलं, तुमचे वडील का? ती नाही म्हणाली. मग हो म्हणाली. मग म्हणाली, जरा जोरात घ्या.

अण्णा पाचव्या दगडाच्या चौथऱ्यावर बसले होते. शेजारी तुटलेल्या साखळीची सायकल. कपाळावर घाम, हातात स्टीलचा पेला. पेला थरथरत होता. साखर उतरली म्हणून शेजारच्या घरातली बाई त्यांना साखरेचं पाणी पाजत होती. ती केतकीवर तडकली. म्हातारा इथेच आडवा झाला असता. उठा म्हटलं तर उठेना, म्हणे माझी माणसं येतीलच.

"हललो नाही बघ," अण्णा म्हणाले. "म्हटलं, पुढच्या दगडाला एक कमी भरणार. मग कुणीतरी येणारच."

तिने बिस्किटांचा पुडा फोडला. 

"एवढा उशीर का गं? पंक्चर झालं होतं का कुणाचं?"

"अण्णा, बिस्किट खा."

"गिनतीत कळलंच असेल की लगेच."

…

टेम्पो परतला तेव्हा शाळेच्या भिंतीवरचं ऊन गेलं होतं. आठवा आणि नववा दगड राहिले होते. त्यांची आठवण कुणी काढली नाही.

दहाव्या नंबरचा माणूस केतकीच्या कानाशी येऊन हळू म्हणाला, तात्या बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही. गिनती अजून दहावरच आहे.

अण्णा टेम्पोतून उतरले. एक हात केतकीच्या खांद्यावर. सावकाश चालत रांगेच्या टोकाला गेले.

"अकरा."

तेव्हा तात्या वळले. गुडघे आखडले होते, त्यांना दगडाचा आधार घ्यावा लागला.

केतकी पुढे झाली. "शिट्टी दुसऱ्या कुणाला द्या, तात्या."

ते ऐकलंच नाही अशा आवाजात त्यांनी विचारलं, "सकाळी तू काहीतरी विचारत होतीस."

तिला आठवायला वेळ लागला.

"नावं का नाहीत…"

तात्यांनी दगडावरचा आपल्या हाताचा ठसा रुमालाने पुसला.

"त्यांच्या वेळीही कुणीतरी गिनती बरोबर भरून दिली असेल."