पलंगाखालचा पत्रा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध कारागीर राहत असे. गाड्यांची बॉडी बांधण्यात त्याचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत कोणी नव्हता, आणि स्वभाव म्हणाल तर भलताच थट्टेखोर. लोक त्याला अण्णा म्हणत. त्याच्या गॅरेजात एका व्यापाऱ्यानं आपलं जुनं मोटारहोम आणून लावलं. ट्रकच्या सांगाड्यावर उभारलेलं ते फिरतं घर. आत पलंग, ओटा, कपाट, सगळं. व्यापाऱ्याच्या वडिलांनी ते हौसेनं बांधून घेतलं होतं. वडील गेले आणि गाडी गंजत पडली. आता त्याच्या वृद्ध आईला त्याच गाडीतून नर्मदेची परिक्रमा करायची होती.

अण्णांनी हे काम सर्वस्वी आपल्या शिष्यावर सोपवलं. त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम. त्यानं छताची गळती काढली, खिडक्यांचे रबर बदलले, रंग असा मारला की बघत राहावं. निघण्याचा दिवस तोंडावर आला आणि पलंगाखालचा पत्रा त्याच्या बोटाखाली पापडासारखा मोडला. नेमकी तिथूनच खालून सायलेन्सरची नळी जात होती, आणि तिचाही सांधा सुटत आला होता; इंजिन चालू असताना विषारी धूर थेट पलंगापाशी चढणार. ते नीट करायचं म्हणजे पलंग उचकटणं आलं, मुहूर्त चुकणं आलं, पहिल्याच कामात नाक कापून घेणं आलं. त्यानं वरून प्लायवूड ठोकलं आणि त्यावर लिनोलियम अंथरलं. दिसत नाही ना, मग झालं! स्वतःची समजूत घालण्यात आपण सगळेच मोठे पटाईत असतो.

मुहूर्ताच्या सकाळी व्यापारी हार-नारळ घेऊन आला. आईनं गाडीच्या दारावरून हात फिरवला आणि डोळे पुसले. व्यापारी नारळ फोडणार, तोच अण्णा म्हणाले, “थांबा जरा. इंजिन चालू कर रे. मी आईंच्या पलंगावर थोडा आडवा होतो. मी हाक मारीपर्यंत दार उघडायचं नाही.”

“अहो अण्णा, मुहूर्त टळतोय! आत्ता कसली झोप?” व्यापारी वैतागला. पण अण्णा आत गेले, खिडक्यांचे पडदे ओढले आणि दार लावून घेतलं.

इंजिन धडधडू लागलं. शिष्य दारापाशी उभा राहिला. प्लायवूड घट्ट बसवलंय, थोड्या वेळानं काय होतंय, असं तो स्वतःला बजावत होता. आतून अण्णांचा खोकला ऐकू आला. पुन्हा आला. मग आलाच नाही. शिष्यानं दाराला कान लावला. बोलावं, तर व्यापाऱ्यासमोर अब्रू जाणार. न बोलावं, तर...

“गाढ झोपलेत वाटतं,” आई कौतुकानं म्हणाली. “आमच्या ह्यांनाही या गाडीत अशीच पटकन झोप लागायची.”

शिष्यानं दार हिसडून उघडलं. “इंजिन बंद करा! अण्णा, उठा! पलंगाखालचा पत्रा गेलाय, मी वरून नुसतं झाकलंय!”

अण्णा पलंगावर मांडी घालून बसले होते. त्यांनी पडदा बाजूला सारला. मागची खिडकी सताड उघडी होती.

“मला मरायची हौस नाही, बाबा,” ते म्हणाले. “काल तिथं पाय टेकला, तेव्हाच कळलं. पण मी बोललो असतो, तर तू हे एक भोक बुजवलं असतंस. पुढच्या गाडीला मी नसेन. आजवर तू पत्रा बघत होतास, त्यावर निजणारं माणूस तुला दिसत नव्हतं. आज तुझं माणूस तिथं निजलं, आणि अब्रू बाजूला ठेवून तू दार उघडलंस. या आईही कुणाच्या तरी आहेतच ना?”

शिष्यानं व्यापाऱ्याच्या आईसमोर हात जोडले. व्यापारी संतापानं लाल झाला होता. आईनंच त्याला आवरलं. “असू दे रे. नर्मदा कुठं पळून जात नाही.”

पलंग निघाला, नवा पत्रा बसला, नळीही बदलली. काम संपलं तेव्हा कुणी सांगण्याची वाट न पाहता शिष्यानं इंजिन चालू केलं, आत जाऊन सगळ्या खिडक्या लावल्या, मागचीसुद्धा, आणि तो पलंगावर आडवा झाला.

तो बाहेर येईपर्यंत अण्णा दाराच्या कडीवर हात ठेवून उभे होते.