अर्ध्या किमतीचं बी

फार पूर्वी, राजाचा हुकूम दवंडी पिटून सांगितला जायचा, तेव्हाची ही हकिगत. त्या राज्यात कापूस पिकायचा आणि त्याला अळी लागायची. पुढे एका व्यापाऱ्याने असं बी आणलं, की त्याच्या बोंडांना अळी तोंडच लावेना. बी महाग होतं आणि दरसाल नवं घ्यावं लागायचं. पण निम्मी किंमत राजा भरायचा. मग काय, सगळेच ते पेरू लागले.

दहा वर्षांनी दवंडी आली, "यापुढे राजा काही भरणार नाही!"

तुळाजी नावाचा शेतकरी पार गोंधळला. व्यापारी म्हणाला, "हे बी सोडलंस तर बुडशील." शेजारचा कान्हू म्हणाला, "घेतलंस तर बुडशील." ज्याचं ऐकावं, त्याचंच तुळाजीला पटायचं. त्याची झोप उडाली, जेवण जाईना.

एक दिवस त्याची बायको सारजा म्हणाली, "अहो, आपल्या कापसाला अळी लागते तरी किती?"

तुळाजी ओशाळला. "कुणास ठाऊक! इतक्या वर्षांत पाहायची वेळच आली नाही."

सारजाचं माहेर डोंगरात होतं. तिकडे अजून जुनंच बी पेरत. तिने ते थोडं मागून आणलं. त्या वर्षी तुळाजीने पदरमोड करून महाग बीच पेरलं; पण नदीकाठच्या आणि माळावरच्या अशा आपल्या दोन्ही शेतांत चार-चार ओळी जुन्या बियाण्याच्या ठेवल्या. नदीकाठच्या शेतात त्या ओळी अळीने पोखरून काढल्या. माळावरच्या शेतात मात्र एखाददुसरंच बोंड किडलं.

पुढच्या वर्षी तुळाजीने नदीकाठी महाग बी पेरलं आणि माळावर जुनं. माळावर जुनं बी पेरताना कान्हूने त्याला पाहिलं.

"बघ, शेवटी माझंच खरं!" असं म्हणून त्यानेही जुनं बी आणलं.

"कान्हू, तुझं शेत नदीकाठी आहे रे," तुळाजी म्हणाला. "आधी चार ओळी लावून बघ."

"महाग बी तुला नको, तर मला कशाला?" असं म्हणत कान्हूने सगळं शेत पेरलं.

दिवाळीपर्यंत कान्हूच्या बोंडांत कापसाऐवजी अळ्याच निघाल्या. त्याला बैलजोडी विकावी लागली. तुळाजी काही श्रीमंत झाला नाही. पण त्याचं घर तरलं. कान्हूच्या शेतात पुढल्या वर्षी नांगर फिरला, तो तुळाजीच्याच बैलांनी.

तात्पर्य : दुसऱ्याचं पाहून पेरण्याआधी आपली जमीन आपल्या डोळ्यांनी पाहावी.