बेल आणि उष्टं

"महादेवाच्या पिंडीवरचा बेल आणि पंगतीतलं उष्टं… एकाच खड्ड्यात? अप्पा, कुणी केलं हे?"

"मी," रेवणअप्पा म्हणाले आणि फावड्यानं वाळका पाचोळा खड्ड्यात ओढत राहिले.

मन्मथच्या अंगाचा तिळपापड झाला. तेरणेकाठच्या रेवणअप्पांच्या मठात देवाची पूजा त्याच्याकडे होती. रुद्र म्हणताना त्याचा एक स्वर इकडचा तिकडे होत नसे, आणि हे त्याला स्वतःला चांगलंच ठाऊक होतं. निर्माल्य तो आपल्या हातांनी नदीत सोडायचा. पाण्याला घाण वास यायला लागला, तेव्हा अप्पांनी ते बंद केलं. "माझ्याकडे देत जा, मी बघतो," एवढंच म्हणाले.

त्यानं विश्वास ठेवला होता. अप्पा ते एखाद्या पवित्र जागी पुरत असतील…

आणि आज स्वयंपाकघराच्या मागे, कांद्याच्या सालींवर, वांग्यांच्या देठांवर, शिळ्या भाकरीच्या तुकड्यांवर, सकाळी त्यानंच वाहिलेली त्रिदळं!

"त्यात कुणाकुणाच्या पानातलं उष्टं आहे, माहीत आहे तुम्हाला?"

"आहे की. मीच वाढलं होतं."

"गावाला कळलं तर लोक थुंकतील इथं येऊन!"

"थुंकू दे. उन्हाळ्यात खड्ड्याला ओल कमीच पडते."

गुरूशी असं बोलू नये हे मन्मथला कळत होतं, पण तोंड आवरेना.

"इतकी वर्षं तुमचे पाय धरले ते हे बघायला? देवाचा असा अपमान जिथं होतो तिथं मी पाणीसुद्धा पिणार नाही. आजच्या आज मठ सोडतो."

अप्पांनी फावडं टेकवलं.

"जा. पण तुझ्या देवाला आमच्या उष्ट्यात ठेवून जाऊ नको. त्याचं तेवढं निवडून घे."

त्यांनी पलीकडच्या खड्ड्यावरचं पोतं बाजूला केलं. "हा जुना. गेल्या शिवरात्रीला भरलेला. आधी इथलं ने."

मन्मथनं धोतर खोचलं आणि तणतणत आत हात घातला. हाताला लागली ती काळी, भुसभुशीत, कोमट माती. वास नाही. साल नाही. देठ नाही.

बेलही नाही.

त्यानं मूठ भरली, फोडली, पुन्हा भरली. चाळण आणून चाळली. ऊन डोक्यावर आलं, घाम मातीत टपटपू लागला. कुठली देवाची आणि कुठली पंगतीची… सगळी एकसारखीच. त्याला आता मातीचाही राग येऊ लागला. तो हट्टानं खोल खोल उकरत गेला.

आणि बोटांत काहीतरी अडकलं.

"सापडलं!" तो ओरडला. "हे बघा! हे देवाचं! याला काही झालेलं नाही!"

त्यानं ते उपरण्याला पुसलं. सोनेरी जरीची, प्लास्टिकच्या फुलांची माळ. एकही पाकळी विटलेली नव्हती. त्यानं ती ओळखली. शिवरात्रीला त्यानंच लातूरहून मागवली होती. तिच्याखाली पिंडीवरचा बेल दिसेनासा झाला होता, पण माळ पाहायला अख्खा गाव लोटला होता. लोक म्हणाले होते, मन्मथस्वामींनी सजवावं तर असं.

"देवाच्या अंगावरचीच आहे," तो म्हणाला. आवाज मात्र खाली आला होता.

अप्पांनी माळ उन्हात धरली. ती झगमगली. मग त्यांनी ती त्याच्या मातीनं भरलेल्या हातात परत ठेवली.

"मातीनं नाही घेतली…" ते म्हणाले, "आणि देवानं घेतली, हे तुला कुणी सांगितलं?"