घटकेगुरुजींचे तीन श्वास

“मग माणसानं धरायचं तरी काय, गुरुजी?”

जनार्दनानं दुसऱ्यांदा विचारलं. गुरुजींनी मान वर केली नाही.

त्यांच्यापुढं तांब्याचं घंगाळ होतं. घंगाळातल्या पाण्यावर ओंजळीत मावेल एवढं एक तांब्याचंच भांडं तरंगत होतं. भांड्याच्या बुडाला बारीकसं भोक होतं. त्यातून पाणी हळूहळू आत चढत होतं. भांडं भरलं की बुडणार, बुडलं की एक घटका झाली. चोवीस मिनिटं. मग गुरुजी शेजारी टांगलेल्या काशाच्या थाळीवर टोला देणार, भांडं उपसणार, रिकामं करणार आणि पुन्हा पाण्यावर सोडणार.

गावात घड्याळं नव्हती तेव्हापासून कुंभेश्वराच्या देवळात वेळ अशीच मोजत आले होते. गुरुजींचे वडील मोजत, त्यांचे आजोबा मोजत. म्हणून लोक त्यांना घटकेगुरुजी म्हणत. त्यांचं खरं नाव काय, हे जनार्दनालाही आठवत नव्हतं, आणि तो तर सहा वर्षं त्यांच्या घरी राहून शिकला होता.

“अगदीच काही नाही का बोलणार?” तो म्हणाला.

“भांडं भरत आलंय,” गुरुजी म्हणाले. “जरा थांब…”

जनार्दन थांबला. पौषातली सकाळ होती. नदीवरून गार वारा येत होता. समोरच्या नव्या पुलावरून मालट्रकांची रांग चालली होती, आणि त्यांचा घरघराट देवळाच्या ओवरीपर्यंत येत होता.

त्याला जुनी सकाळ आठवली. तेव्हा पूल नव्हता. थाळीचा टोला पडला की तो पार पलीकडच्या मळ्यापर्यंत ऐकू जाई. मोट हाकणारा माणूस तेवढ्यावर बैल सोडी. बाया चुलीवरचं आधण उतरवत. टोला ऐकून शाळेचा शिपाई आपली घंटा वाजवी. सगळं गाव त्या एका भांड्यावर उठत होतं आणि बसत होतं.

आता देवळाच्या कमानीवर कुणा भाविकानं दिलेलं भलंमोठं विजेचं घड्याळ होतं. लाल आकडे भरदिवसाही चमकत होते.

भांडं डुचमळलं. काठावरून पाणी आत शिरलं. भांडं बुडालं आणि तळाला टेकलं. टक्‌ असा बारीक आवाज आला.

गुरुजींचा हात मांडीवरच राहिला.

जनार्दन चमकला. लहानपणी नेमक्या याच गोष्टीसाठी त्यानं किती बोलणी खाल्ली होती! भांडं तळाला टेकायच्या आत हात पाण्यात हवा, असा गुरुजींचा दंडक. एकदा त्याला डुलकी लागली तर गुरुजींनी दिवसभर त्याला थाळीखाली उभं केलं होतं.

आता गुरुजी नुसते बसून होते. डोळे अर्धवट मिटलेले. मग त्यांनी सावकाश हात घातला, थाळीवर टोला दिला, भांडं उपसून पालथं केलं. एक बोट घंगाळातल्या पाण्यात बुडवलं, जणू तीर्थच घेतायत. आणि भांडं परत सोडलं.

जनार्दनानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं होतं. त्याला राहवलं नाही.

“गुरुजी, बारा सेकंद चुकले.”

“चुकले?”

“हात उशिरा गेला तुमचा. वय झालं आता. दिवसभरात पाचसात मिनिटांचा फरक पडत असेल.”

“हो का…” गुरुजी म्हणाले.

ओवरीमागच्या घरातून माई चहा घेऊन आल्या. या गुरुजींच्या धाकट्या बहीण, सत्तरीच्या. त्या सहा वर्षांत जनार्दनाला यांनीच सांभाळलं होतं.

“आलास तर आलास, आणि आल्या आल्या त्यांच्या चुका काढायला बसलास होय रे जना? अजून तस्साच आहेस.” त्यांनी कप ठेवला. “दुधाची चव लागायची नाही हं. तुझी गंगी जाऊन तीस वर्षं झाली. हे पिशवीतलं.”

“गंगी माझ्या हातानं पान्हा सोडायची, माई.”

“आणि दुसऱ्याला लाथ मारायची. तुझीच शिष्या ती!”

माई हसत आत गेल्या. जनार्दनही हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढून गुरुजींपुढं पसरला. कागदावर चार चौकोन होते, चौकोनांत बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं होतं.

“हा माझा तक्ता. जगात कुठला बदल कसा येतो आणि तो आला की काय करायचं, ते सगळं यात बसवलंय. मोठ्या कंपन्या मला बोलावतात हे समजावून सांगायला. पंचवीस वर्षं हेच काम केलं मी. पुढं काय होणार ते आधी सांगायचं.”

गुरुजींनी कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

“अक्षर छान आहे अजून,” ते म्हणाले.

“गुरुजी!”

“सांग, सांग. ऐकतोय मी.”

“गेल्या तीन वर्षांत माझे तीन अंदाज साफ फसले. त्याचंही काही नाही. माणूस चुकतो.” जनार्दनाचा आवाज खाली आला. “पण माझी मुलगी, मृण्मयी… कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवडे झाले, तिनं कॉलेजला जाणं बंद केलंय. ताट खोलीत नेऊन जेवते. मला म्हणाली, बाबा, मी जे शिकतेय ते माझं शिकून होईपर्यंत उरेल का? एक मशीन निघालंय, ते आमच्या सरांपेक्षा भराभर करतं सगळं. मग मी काय धरून बसू?”

गुरुजी ऐकत होते.

“मी तिला हा तक्ता दाखवला. तिनं पाहिला आणि विचारलं, बाबा, हा कधीचा? मी म्हटलं, गेल्या वर्षीचा. ती हसली. नुसती हसली हो! आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. चारशे माणसांपुढं मी तीन तीन तास बोलतो, आणि पोटच्या पोरीला द्यायला माझ्याकडं एक वाक्य नाही. म्हणून आलो. तुम्ही काहीतरी द्या. तुमच्याकडचं जुनं, न बदलणारं काहीतरी.”

गुरुजींनी तो कागद हळूच चहाच्या कपाखाली सरकवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून. कपाचा ओला गोल कागदावर उमटला. जनार्दनानं ते पाहिलं.

पाणी भांड्यात चढत होतं. सूर्य पिंपळाच्या वर आला आणि ओवरीच्या कडेला ऊन उतरलं.

“तुझ्या त्या भाषणांत,” गुरुजींनी विचारलं, “आमच्या भांड्याची गोष्ट सांगतोस म्हणे?”

जनार्दनाचा चेहरा उजळला.

“तुम्हाला कुणी सांगितलं? सुरुवातच तिनं करतो मी! चौदा वर्षांचा होतो, इथलं माझं शेवटचं वर्ष. शाळेत शिकवलं होतं की पाण्यातला क्षार साचून भोक बारीक होतं. मी भांडं उचलून उजेडात धरलं, तर खरंच पांढरा थर! तुम्ही गावाला गेला होता. मी दाभण घेतला, भोक आरपार साफ केलं, चकाचक. तिथंच मला कळलं की जग चुकत असेल तर आधी आपलं साधन दुरुस्त करावं. लोक टाळ्या वाजवतात या ठिकाणी.”

“वाजवत असतील… तू गूळ वाटला होतास त्या दिवशी. सगळ्या आळीला.”

“माईंच्या डब्यातला!”

“हो. आणि देवापुढंही ठेवला होतास. केवढा खूष होतास तू.” गुरुजी भांड्याकडं पाहत हसले. “थर होता खरा. पण दाभण जाड होता, जना.”

जनार्दनाला लगेच कळलं नाही. मग कळलं.

“म्हणजे… भोक मोठं झालं?”

“जरासं.”

“म्हणजे भांडं लवकर बुडायला लागलं.”

“उन्हाळ्यात सहा श्वास लवकर.”

जनार्दनानं पाण्यातल्या भांड्याकडं पाहिलं. अडतीस वर्षं! त्या भांड्यावर गावातली लग्नं लागली होती, बारशी झाली होती. आणि हा म्हातारा दर घटकेला मांडीवर हात ठेवून श्वास मोजत बसला होता.

“तुम्ही मला बोलला का नाही?” जनार्दनानं विचारलं.

“बोलणारच होतो. तेवढ्यात तू गूळ घेऊन आलास.”

“मग नवं भांडं तरी करून घ्यायचं! तेव्हा तांबटआळी होती गावात.”

“करून घेतलं की. ते दोन श्वास उशिरा बुडायचं. मग म्हटलं, याची ओळख आहे, हेच बरं.”

जनार्दन हसला आणि हसताना डोळे पुसले. मग एकदम सावरून बसला. त्याच्यातला हिशेबी माणूस जागा झाला होता.

“थांबा. सहा श्वास म्हणजे चोवीस सेकंद. तुम्ही तर मघाशी बाराच थांबलात.”

“तीन श्वास.”

“तीन का?”

“थंडी आहे. गार पाणी सावकाश चढतं. वैशाखात सहा, पौषात तीन. पावसाळ्यात पाणी गाळून घ्यावं लागतं, तेव्हाचं आणखी निराळं.”

“आणि तीन हे कसं ठरवलंत?”

गुरुजींनी आपलं बोट वर केलं. तेच, जे त्यांनी पाण्यात बुडवलं होतं.

“मला वाटलं तुम्ही तीर्थ घेताय,” जनार्दन पुटपुटला.

“दुपारी दीपमाळेची सावली त्या रेघेवर येते.” गुरुजींनी फरशीतली एक झिजलेली रेघ दाखवली. “तेव्हा कळतं, आज किती चुकलो ते.”

“रोज चुकता?”

“रोज.”

“अडतीस वर्षं?”

“त्याआधीही चुकतच होतो. तुझ्या दाभणाचा उगाच मोठेपणा नको.”

आतून माईंचं हसणं ऐकू आलं. त्या दाराआड उभ्या होत्या.

भांडं पुन्हा भरत आलं. गुरुजी बाजूला सरकले आणि आपली जागा त्यांनी मोकळी केली.

“बस.”

जनार्दन मांडी घालून बसला. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरले. पण त्या पाटावर बसताच पाठ आपोआप ताठ झाली. तोच पाट. डावीकडचा खिळा अजून तसाच वर आलेला. त्याला गंगीच्या गोठ्याचा वास आल्यासारखा वाटला, आणि ओवरीत ओळीनं अंथरलेल्या सतरंज्या दिसल्या. टोल्यासरशी कुशीवर वळणारी सहा पोरं. गुरुजींचे केस तेव्हा काळे होते.

टक्‌.

भांडं तळाला टेकलं. जनार्दनाचा हात सवयीनं पाण्याकडं धावला. त्यानं तो आवरला. डोळे मिटले.

एक श्वास…

पुलावरून ट्रक गेला.

दोन…

तीन.

त्यानं डोळे उघडून हात पुढं केला. तोच गुरुजींनी त्याचं मनगट धरलं. सुरकुतलेली बोटं, पण पकड पक्की. जनार्दनानं त्यांच्याकडं पाहिलं. गुरुजी पाण्याकडं पाहत होते. मघाशी ओवरीच्या कडेला असलेलं ऊन आता घंगाळात उतरलं होतं.

आणखी एक श्वास गेला. मग गुरुजींनी मनगट सोडलं.

जनार्दनानं टोला दिला. अडतीस वर्षांनी. थाळीचा आवाज नदीवर गेला, पुलाखाली घुमला आणि ट्रकांच्या घरघरीत विरून गेला. पलीकडच्या मळ्यात आता कुणी बैल सोडणारं नव्हतं.

त्यानं भांडं उपसलं, पालथं केलं. क्षणभर थांबला. मग एक बोट पाण्यात बुडवलं. पाणी मघापेक्षा कोमट होतं… होतं का? त्याला नीटसं सांगता येईना. त्यानं भांडं सोडलं. ते डोलत डोलत मधोमध गेलं.

कपाखालचा कागद त्यानं काढला. ओल्या गोलानं दोन चौकोनांतली शाई पसरली होती. त्यानं त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला.

निघायची वेळ झाली. माईंनी पोरीसाठी म्हणून लाडवांचा डबा दिला. जनार्दन गुरुजींच्या पाया पडला आणि वाकलेलाच राहिला.

“मला कळलं, गुरुजी. निदान कळल्यासारखं वाटतंय. पण तिला काय सांगू? ती वाट बघतेय. तीन सांगू, चार सांगू, सहा सांगू… तुम्ही एक आकडा द्या, म्हणजे मला तिच्या दारावर टकटक करायला धीर येईल.”

गुरुजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नुकतंच पाण्यात बुडवलेलं बोट ओलं होतं.

“अरे जना,” ते म्हणाले, “तिच्या घंगाळातलं पाणी किती गार आहे, ते मला इथं बसून कसं कळणार?”